चहाच्या मुलुखात कॉफी : आंतरराष्ट्रीय कॉफी साखळ्यांचे यशापयश आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा

प्रास्ताविक

एखादी व्यापारी साखळी एका देशात रुजते आणि दुसऱ्या देशात तिला गाशा गुंडाळावा लागतो, याचे स्पष्टीकरण बहुधा ‘अभिरुची’ या एका शब्दात दिले जाते. इटालियन माणसाला अमेरिकन कॉफी पचत नाही, चिनी माणूस चहा पितो, भारतीय माणसाला दूध-साखरेशिवाय चालत नाही, अशी विधाने वृत्तपत्रांतून आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतूनही आढळतात. ही विधाने खोटी नाहीत. परंतु ती इतिहासाची जागा घेऊ शकत नाहीत. अभिरुची कोठून तरी आलेली असते, कोणीतरी ती प्रयत्नपूर्वक घडविलेली असते आणि पुष्कळदा तिचे वय शंभर वर्षांहून फारसे अधिक नसते.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर लागोपाठ वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या संदर्भात तपासला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरांची लोकसंख्या अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ आणि १,७४,२२६ इतकी होती. कॉफीच्या जागतिक इतिहासात या नावांना स्थान नाही, आणि नेमके त्याच कारणाने ती येथे निवडली आहेत. कॉफी साखळ्यांविषयीचे लेखन बहुतेक वेळा देश हे एकक धरून चालते. ‘भारतात’ स्टारबक्सचे काय झाले, असे विचारले जाते आणि उत्तर दक्षिण मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या चौकात शोधले जाते. मुंबईत कामाला जाणारा आणि रात्री अंबरनाथला परतणारा माणूस त्या उत्तरात कोठेच नसतो. साखळ्यांच्या विस्ताराचे गणित मात्र शेवटी अशाच माणसावर येऊन ठेपते.

येथे स्वीकारलेली भूमिका अशी की, कॉफी साखळी प्रामुख्याने कॉफी विकत नाही. ती ठरावीक काळापुरती एक खुर्ची भाड्याने देते आणि भाडे पेल्याच्या किमतीत वसूल करते. म्हणून कोणत्याही समाजातील तिचे यशापयश समजून घेण्यासाठी प्रथम हे पाहावे लागते की, तेथे घराबाहेर बसण्याची सोय तिच्या आधी कोणी केली होती, कोणासाठी केली होती आणि किती दराने.

बसण्याचा प्रश्न : काही परदेशी दाखले

स्टारबक्सच्या आजच्या स्वरूपाचा उगम हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या १९८३ मधील मिलान भेटीत सांगितला जातो. तेथील एस्प्रेसो बार पाहून त्यांनी अमेरिकेत तसा प्रयोग करण्याचे ठरविले. गंमत अशी की, मिलानमधील बार हे मुख्यतः उभ्याने कॉफी पिण्याचे ठिकाण. गल्ल्याशी उभे राहून दोन घोटांत एस्प्रेसो संपवायची आणि निघायचे. बसून प्यायची असल्यास अनेक ठिकाणी तीच कॉफी अधिक दराने मिळते. म्हणजे इटलीत खुर्चीचे भाडे उघडपणे वेगळे आकारले जाते. अमेरिकेत शुल्ट्झ यांनी ते भाडे पेल्यात मिसळले, पेला मोठा केला आणि सोबत सोफा दिला. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या ग्रंथात घर आणि कार्यस्थळ यांपलीकडील ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली होती, मोटारीवर अवलंबून असलेल्या अमेरिकन उपनगरांत अशी जागा उरली नाही, हे त्यांचे दुःख होते. साखळीने ती उणीव हेरली. खुद्द इटलीत पहिले दुकान उघडण्यास मात्र तिला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले, तेही मिलानमधील जुन्या टपाल कार्यालयाच्या भव्य इमारतीत, एखाद्या प्रेक्षणीय स्थळाच्या थाटात.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्टारबक्सने तेथे २००० मध्ये प्रवेश केला आणि २००८ मध्ये आपल्या ८४ दुकानांपैकी ६१ एका झटक्यात बंद केली. उरलेली २०१४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे सोपविली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसमधून आलेल्या स्थलांतरितांनी मेलबर्न-सिडनीच्या गल्लीबोळांत एस्प्रेसोची यंत्रे आणि छोटी उपाहारगृहे नेली होती. त्यातून दोन पिढ्यांत अशी कॉफीसंस्कृती उभी राहिली की, तेथील ग्राहकाला त्याच्या गल्लीतला कॉफीवाला नावाने ओळखत असे. त्याच वस्तूची सौम्य आणि महाग आवृत्ती विकत घेण्याचे कारण त्याला उरले नाही. ऑस्ट्रेलियन लोकांना ‘कॉफीची आवड’ होती म्हणून कॉफीची साखळी हरली, हा वरवर विरोधाभास वाटणारा निष्कर्ष आहे. परंतु खुर्ची आधीच मांडलेली होती असे म्हटले की त्यात काहीच विरोधाभास राहत नाही. इस्रायलमध्येही २००१ ते २००३ या अल्पकाळात असेच घडले.

जपान आणि चीन येथे चित्र वेगळे दिसते. जपानमध्ये ‘किस्सातेन’ म्हणून ओळखली जाणारी कॉफीगृहे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होती. १९८० मध्ये हाराजुकू येथे दोतोर या देशी साखळीने १५० येनमध्ये उभ्याने पिण्याची कॉफी सुरू केली. तरीही १९९६ मध्ये गिंझा येथे उघडलेले स्टारबक्स रुजले. त्याच्या कारणांपैकी एक मोठे कारण पेल्यात नव्हतेच. जुनी कॉफीगृहे सिगारेटच्या धुराने भरलेली, नोकरदार पुरुषांची ठिकाणे होती. नव्या दुकानात धूम्रपानास मनाई होती, आणि त्यामुळे तरुण स्त्रियांना एकटीने बसता येईल अशी जागा शहरात निर्माण झाली. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

चीनमध्ये जानेवारी १९९९ मध्ये बीजिंगला पहिले दुकान निघाले. सन २००० मध्ये तर थेट निषिद्ध नगरीच्या आवारात एक शाखा उघडली गेली आणि लोकक्षोभानंतर २००७ मध्ये ती बंद करावी लागली. या प्रसंगाची चर्चा पुष्कळ झाली, पण साखळीला खरे आव्हान राष्ट्राभिमानाने दिले नाही. ते दिले २०१७ मध्ये स्थापन झालेल्या लकिन या चिनी कंपनीने. तिची अनेक दुकाने म्हणजे केवळ एक खिडकी होती. भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवायची, पेला उचलायचा आणि चालू लागायचे. खुर्ची वगळल्यामुळे दर निम्म्यावर आला. २०२३ मध्ये लकिनच्या चीनमधील दुकानांची संख्या दहा हजारांवर गेली व तिने स्टारबक्सला मागे टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारबक्सने आपल्या चिनी व्यवसायातील ६० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बोयू कॅपिटल या गुंतवणूक संस्थेस देण्याचा निर्णय जाहीर केला.

चहा : एका जुन्या साखळीची कथा

भारतातील चर्चेत चहा हा ‘परंपरा’ आणि कॉफी साखळी ही ‘जागतिकीकरण’ अशी विभागणी गृहीत धरली जाते. महाराष्ट्रापुरती तरी ती टिकत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जाहीर केली. त्यातून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न निर्माण झाला. वाद चहाच्या चवीचा नव्हताच. कोणी दिलेला, कोणाच्या पंक्तीत, कोणत्या पेल्यातून, असा होता. आज महाराष्ट्राचे जणू मूळ पेय समजला जाणारा चहा त्या काळी परकीय होता आणि त्याचा पेला धर्मबाह्य ठरू शकत होता.

त्यानंतरच्या अर्धशतकात हा चहा गावोगाव पोहोचला, तो आपोआप नव्हे. मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ मध्ये चहावर उपकर बसविण्यात आला व त्या निधीतून चहाचा प्रचार सुरू झाला. प्रारंभी लक्ष परदेशी बाजारपेठेवर होते. पुढे ते देशांतर्गत ग्राहकाकडे वळले. गिरण्या, खाणी, कारखाने आणि रेल्वे स्थानके येथे चहाची दुकाने उघडली गेली, फुकट चहा वाटला गेला, तो कसा करावा याची प्रात्यक्षिके दाखविली गेली. १९३७ पासून इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाने हे काम अधिक पद्धतशीर केले. १९३० च्या सुमारास आसामात विकसित झालेल्या सीटीसी यंत्राने, म्हणजे पाने चिरडून त्यांचे बारीक दाणे करणाऱ्या यंत्राने, स्वातंत्र्योत्तर काळात उरलेली अडचण दूर केली. थोड्या भुकटीत पुष्कळ पेले, गडद रंग आणि दूध-साखर पेलणारा कडकपणा यांमुळे चहा कामगाराच्या खिशात बसला. मळेवाल्यांच्या प्रचारकांना दूध, आले आणि मसाला घालून उकळण्याची देशी रीत मुळीच पसंत नव्हती, कारण तीत पत्ती कमी लागे. या एका बाबतीत ग्राहकाने विक्रेत्यावर मात केली, आणि तीच चव आता जागतिक साखळ्या ‘चाय’ या नावाने जगभर विकतात.

कॉफीची वाट वेगळी होती. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची कथा प्रसिद्ध आहे. तरी दक्षिणेतही कॉफी घरोघरी पोहोचली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळ समाजाविषयी दाखविल्याप्रमाणे तेथे कॉफी मध्यमवर्गीय, मुख्यतः ब्राह्मणी प्रतिष्ठेचे चिन्ह बनली, तर चहा श्रमिकांच्या वाट्याला आला. मराठी घरात कॉफी राहिली ती पाहुण्यांपुरती, चहा न घेणाऱ्यांपुरती: भरपूर दुधाची, जायफळ उगाळून घातलेली, झोप घालविण्याऐवजी आणणारी. मुंबईच्या पोलसन कंपनीची चिकोरीमिश्रित ‘फ्रेंच कॉफी’ अनेक घरांत याच रीतीने संपत असे. कॉफीला दुधाचा मसाला मानणारा हा समाज एस्प्रेसोकडे कडू औषध म्हणून पाहील, हे सांगायला बाजारपेठेच्या सर्वेक्षणाची गरज नव्हती.

तीन शहरे आणि त्यांचा पेला

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचला. अंबरनाथ आणि बदलापूर त्याच मार्गावर आले. त्यापूर्वीही हा प्रवासाचाच पट्टा होता. बदलापूर हे नाव येथे घोडे बदलले जात यावरून पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, थांबून पुढे निघण्याचे ठिकाण ही या शहराची ओळख तीत अचूक उमटली आहे.

अंबरनाथ हे शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आधुनिक अंबरनाथ घडले ते आगपेटीमुळे. १९२२ मध्ये आगपेट्यांवरील आयात कर वाढल्यानंतर स्वीडिश मॅच या बहुराष्ट्रीय कंपनीने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको, स्थापन केली आणि १९२० च्या दशकातच अंबरनाथला कारखाना उभा केला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. कोणतीही कॉफी साखळी जन्मण्याच्या कितीतरी आधी या पट्ट्यात एक जागतिक कंपनी आली आणि ती परकी म्हणून ओळखलीही गेली नाही. तिचा माल येथेच, येथल्या हातांनी तयार होत होता. आणि तो इतक्या लहान एककात विकला जात होता की, ज्याच्या हाती दिवसाच्या मजुरीपलीकडे काहीच नाही त्यालाही तो घेता यावा. परदेशी वस्तू रुजण्यासाठी तिचे मूळ लपवावे लागत नाही. तिचे माप लहान करावे लागते.

संरक्षण खात्याचे कारखाने, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि बारवी धरणाचे पाणी यांमुळे हा पट्टा पाळ्यांच्या भोंग्यावर चालू लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह चालविण्यास भाग पाडण्याचा, तेथील दरांबाबत नियम करण्याचा आणि व्यवस्थापन समितीत कामगारांना प्रतिनिधित्व देण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. कायद्याच्या पुस्तकातील या कलमाकडे पेयसंस्कृतीच्या अभ्यासकांचे क्वचितच लक्ष जाते. कँटीनमधील चहा हा कामगाराचा हक्क होता, ग्राहकाची निवड नव्हती. त्याचा दर समितीत ठरे. पेला किती भरावा यावरही तक्रार करता येई. पाळीच्या मधल्या सुटीत तो घाईने, घोळक्याने घेतला जाई. चहा माणसाकडे चालत आला, माणूस चहाकडे गेला नाही. प्रचार मंडळाने गिरणीच्या दारापर्यंत नेलेला पेला अधिनियमाने दाराच्या आत नेला.

उल्हासनगरची घडण याहून निराळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना बराकींतून वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ ही लष्करी भाषा मात्र पत्त्यांतून गेली नाही. ज्यांची दुकाने, वाडे आणि पेढ्या सिंधमध्ये राहिल्या त्यांनी बराकीच्या ओट्यावर, रस्त्याच्या कडेला आणि लोकलच्या डब्यात फिरून विक्री सुरू केली. पापड, मिठाई, कापड, पुढे फर्निचर आणि जीन्स असा हा प्रवास आहे. ज्या वर्षांत मेलबर्नच्या बंदरात उतरलेले इटालियन एस्प्रेसोची यंत्रे मांडत होते, त्याच वर्षांत उल्हासनगरच्या बराकींत दाल-पकवान आणि थादल यांची मांडणी होत होती. विस्थापितांनी परक्या भूमीवर उभी केलेली खाद्यसंस्कृती कोणत्याही साखळीला सहज विस्थापित करता येत नाही. तिच्यात चवीइतकीच एक गमावलेली गल्ली साठवलेली असते.

उल्हासनगरविषयी आणखी एक गोष्ट मुंबई परिसरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते: येथील वस्तूंवर ‘मेड इन यूएसए’ असे लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा होता. या विनोदाकडे केवळ नकलेची थट्टा म्हणून पाहणे योग्य नव्हे. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात परदेशी नावाची ओढ आणि परदेशी वस्तूची दुर्मिळता यांमधील अंतर या शहराने आपल्या हातांनी भरून काढले, अशी ती आठवण आहे. नाममुद्रा म्हणजे काय, तिच्यात मालाचा भाग किती आणि चिठ्ठीचा किती, हे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविले जाण्यापूर्वीच येथील बाजाराला ठाऊक होते. अशा बाजारात पेल्यावरील हिरवे चिन्ह ग्राहकाला भारावून टाकील, असे मानणे भाबडेपणाचे ठरले असते.

खुर्ची कोणी दिली

मुंबईत घराबाहेर बसण्याची सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर केली ती इराणी हॉटेलांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणी व्यावसायिकांनी चौकांच्या कोपऱ्यांवरील जागा घेतल्या. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पाणी कम चहा, मस्का पाव, आणि एका पेल्यावर तासभर बसण्याची मुभा. निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक एकाच पेल्यांतून चहा घेऊ लागले, ही पंचहौद प्रकरणानंतरच्या महाराष्ट्रात लहान गोष्ट नव्हती. स्त्रियांसाठी ‘फॅमिली रूम’ असे. तीत जाण्यासाठी मात्र बहुधा कुटुंब सोबत असावे लागे. उडुपी हॉटेलांनी माटुंग्यापासून पुण्याच्या ‘वैशाली’-‘रूपाली’पर्यंत फिल्टर कॉफीची सवय लावली, परंतु गर्दीच्या वेळी पुढचा ग्राहक खुर्चीमागे उभा राहिला की उठावे लागे.

कॉफीच्या प्रचारासाठीही सरकारी उपकराचाच मार्ग अवलंबिला गेला. १९३५ च्या कॉफी उपकर कायद्यानंतर १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. १९५० च्या दशकाच्या मध्यास कॉफी बोर्डाने ही गृहे बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून १९५७ पासून ती स्वतः चालविली. मळेवाल्यांच्या विक्रीसाठी जन्मलेली संस्था वेटरांच्या मालकीची झाली. भारतातील कॉफी साखळ्यांच्या इतिहासात यापेक्षा विलक्षण घटना दुसरी नाही. तरीही साखळ्यांचे बहुतेक वृत्तान्त १९९६ पासून सुरू होतात.

१९९६ चे महत्त्व अर्थातच नाकारता येत नाही. त्या वर्षी कॉफी बोर्डाची एकत्रित विक्रीपद्धती पूर्णतः संपली आणि मळेवाल्याला आपले बी स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिले ‘कॅफे कॉफी डे’ उघडले. सन २००० मध्ये ‘बरिस्ता’, २००५ मध्ये ब्रिटिश ‘कोस्टा’ अशी रीघ लागली. ‘बरिस्ता’ २००७ मध्ये इटलीच्या लवाझाकडे गेली आणि २०१४ मध्ये पुन्हा भारतीय मालकीत आली. एस्प्रेसोच्या मायदेशातील कंपनीलाही येथे खुर्चीचे भाडे परवडले नाही. कॅफे कॉफी डेची दुकाने एके काळी दीड हजारांवर गेली होती. कर्जाचा डोंगर, २०१९ मधील सिद्धार्थ यांचा मृत्यू आणि पाठोपाठची महासाथ यांनंतर ती पाचशेच्या आत आली.

स्टारबक्सने १९ ऑक्टोबर २०१२ रोजी टाटा समूहाशी समान भागीदारीत मुंबईच्या हॉर्निमन सर्कल येथे पहिले दुकान उघडले. बी कोडगूचे, भाजणी कुशलनगरची, इमारत वसाहतकाळातील. ऑस्ट्रेलियातील चूक टाळण्याची काळजी पुरेपूर घेतली होती. तरीही दहा वर्षांनी, २०२२ पासून, काही शहरांत मसाला चहा, फिल्टर कॉफी आणि ‘पिको’ नावाचा सहा औंसांचा लहान पेला आणावा लागला. त्याची किंमत १८५ रुपयांपासून सुरू होत होती. दुसऱ्या बाजूने पुण्याच्या अमृततुल्य परंपरेचे नाव घेऊन चहाच्याच मराठी साखळ्या उभ्या राहिल्या. छोटा गाळा, एकसारखी पाटी, ठरलेली चव, खुर्ची जवळजवळ नाही. लकिनने चीनमध्ये केले ते येथे चहाने केले, आणि तेही कोणतेही तंत्रज्ञान न वापरता. साखळी हा प्रकार पराभूत झाला असे यावरून म्हणता येत नाही. खुर्ची वगळलेली साखळी या पट्ट्याच्या चालीशी जुळली, इतकेच.

उरलेला प्रश्न

येथवर पाहता असे वाटेल की उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूरला खुर्चीची गरजच नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. रोजचे तीन तास लोकलमध्ये घालविणाऱ्या माणसाजवळ वेळ नाही; तो स्थानकाबाहेर उभ्याने कटिंग घेतो आणि रिक्षाच्या रांगेत लागतो. हे खरे आहे, पण ते पुरुषाविषयी खरे आहे. टपरी ही उभे राहण्याची जागा आहे आणि तिथे रेंगाळण्याचा परवाना अलिखित असला तरी तो पुरुषांनाच मिळालेला आहे. त्याच गाडीतून उतरलेली स्त्री टपरीशी थांबत नाही. डब्यातच भाजी निवडून झालेली असते, आणि घरी पोहोचल्यावर चहा तिलाच करायचा असतो. कारखान्याच्या कँटीनने कामगार पुरुषाला दिलेली मधली सुटी तिच्या दिनक्रमात कोठेच नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईविषयक अभ्यासात स्त्रियांच्या निरुद्देश रेंगाळण्याच्या हक्काचा प्रश्न उपस्थित केला आहे. मॉल किंवा कॉफीगृहासारख्या ठिकाणी मध्यमवर्गीय स्त्रीला बसता येते, पण ते पैसे मोजून आणि विशिष्ट पेहरावात. सार्वजनिक जागेवरील हक्क त्यातून सिद्ध होत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तो मान्य करूनही इतिहासाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागते. टपरीने, इराण्याने, उडुप्याने किंवा कँटीनने एकट्या स्त्रीला जी खुर्ची दिली नाही, ती भारतात प्रथम मोठ्या संख्येने कॉफी साखळ्यांनी दिली. टोकियोत धुराविना जे साधले, ते मुंबई-पुण्यात काचेच्या दारामुळे साधले. महाविद्यालयीन मुलगी एकटीने पुस्तक उघडून तासभर बसली आणि कोणी काही म्हटले नाही, हा अनुभव तिच्या आईच्या पिढीजवळ नव्हता.

या पट्ट्यात तो अनुभव परवडण्याजोगा नाही, ही खरी अडचण आहे. १८५ रुपयांचा लहान पेला म्हणजे कटिंगचे बारा-पंधरा पेले, आणि परतीच्या प्रवासातील अर्धा तास. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील निमशहरी भागांत साखळ्यांच्या सजावटीची नक्कल करणारी छोटी कॅफे निघाली आहेत. पिवळा दिवा, भिंतीवर इंग्रजी वाक्य, थंड कॉफी, मॅगी आणि सँडविच. अभिजन त्यांना हसतात. परंतु ज्या शहराने ‘यूएसए’ची चिठ्ठी स्वतःच्या नावाने भरली, त्याच्या परिसरात या नकलेकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. तेथे विकली जाणारी कॉफी सुमार असेल. खुर्ची मात्र खरी असते, आणि ती साखळीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या दरात मिळते. तिच्यावर बहुतेक वेळा विद्यार्थी असतात, आणि त्यांत मुली लक्षणीय संख्येने असतात.

टाटा-स्टारबक्सने जानेवारी २०२४ मध्ये २०२८ पर्यंत देशात एक हजार दुकानांचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा लहान शहरांकडे वळण्याचा मनोदयही व्यक्त केला. त्या विस्ताराची परीक्षा कल्याणच्या पुढील स्थानकांवर होईल. तेथे संध्याकाळी साडेसातच्या गाडीतून उतरणाऱ्या स्त्रीला फलाटावरील बाकाखेरीज बसायला आजही जागा नाही, आणि त्या बाकावर तिच्या आधी कोणीतरी बसलेले असते.